उंबराचं फूल आणि तळ्यातला गाळ: उष्णकटिबंधातला परागालेख वाचण्याची रीत

सहसा न दिसणाऱ्या माणसाला आपण 'उंबराचं फूल' म्हणतो. तळ्याच्या गाळातले परागकण मोजणाऱ्याला हा वाक्प्रचार अक्षरशः खरा वाटतो. उंबर, वड, पिंपळ यांची फुलं एका बंद गाठीच्या आत असतात. चिमुकली गांधीलमाशी बारीक छिद्रातून आत शिरते, सोबत आणलेला पराग तिथेच देते. नवी पिढी बाहेर पडताना पुढच्या झाडासाठी पराग घेऊन जाते. या सगळ्या व्यवहारात परागाला मोकळी हवा जवळजवळ लागतच नाही. त्यामुळे काठावर शंभर वर्षं वड उभा असला तरी तळ्यातल्या गाळात त्याची नोंद बहुधा सापडत नाही.

दहा हजार वर्षांपूर्वी इथे कोणतं जंगल होतं, हे गाळावरून सांगू पाहणाऱ्या प्रत्येकाला ही अडचण येते. गाळात काय उरतं हे जंगलात कोणती झाडं किती होती यावर ठरतं, पण त्याआधी ते फुलांनी आपला पराग कसा खर्च केला यावर ठरतं. काटकसरी फुलाचं झाड नोंदीतून गायब होतं आणि उधळ्या फुलाचं झाड सगळी जागा व्यापतं.

ही पद्धत जन्मली उत्तरेकडे. स्वीडनच्या लेनार्ट फॉन पोस्ट यांनी १९१६ मध्ये टक्केवारीवर आधारलेले परागालेख, म्हणजे गाळाच्या कोणत्या थरात कुणाचा पराग किती हे दाखवणारे आलेख, मांडले. तिथली पाइन, बर्च, ओक ही झाडं वाऱ्यावर पराग सोडणारी, म्हणून पराग आणि जंगल यांचं गणित बऱ्यापैकी जुळायचं. उष्णकटिबंधात ते मोडतं. ऑलर्टन आणि सहकाऱ्यांच्या २०११ च्या अंदाजानुसार समशीतोष्ण प्रदेशातल्या वनस्पतिसमूहांत सरासरी ७८ टक्के सपुष्प प्रजाती प्राण्यांकडून परागण करून घेतात, तर उष्णकटिबंधात ९४ टक्के. म्हणजे इथलं बहुतेक जंगल आपला पराग किडे, पक्षी आणि वटवाघळांच्या अंगावर ठेवून पाठवतं. तरीही इथल्या गाळात पराग भरपूर मिळतो. तो कुणाचा, हे कळलं की पुढची कामं सोपी होतात.

पहिली पायरी: झाडांची यादी करा, प्रश्न मात्र फुलांना विचारा

तळ्याच्या परिसरात आज असलेल्या, आणि पूर्वी असू शकतील अशा वनस्पतींची यादी घ्या. प्रत्येकीपुढे पाच गोष्टी लिहा. हे काम कंटाळवाणं आहे आणि बहुतेक जण ते टाळतात. परागालेखाचे चुकीचे अर्थ निघतात ते बहुधा इथेच.

पहिली गोष्ट, पराग नेतं कोण? वाऱ्याने जाणारे कण सहसा कोरडे, गुळगुळीत, सुटे आणि साधारण २० ते ४० मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतात. प्राण्यांकडून जाणारे बहुधा चिकट आणि नक्षीदार असतात. पण आकारावरून परागणाची पद्धत ओळखण्याच्या मोहात पडू नका. वडाचा कणही बारीक आणि साधाच दिसतो.

दुसरी गोष्ट, नर आणि मादी फुलं वेगळी आहेत का? माझ्या मते यादीतला सर्वांत मोलाचा रकाना हाच, आणि पुष्कळ तक्त्यांत तो नसतोच. उष्णकटिबंधी जंगलात नरझाड वेगळं आणि मादीझाड वेगळं असण्याचं प्रमाण बरंच आहे. काही जंगलांत वृक्षांच्या पाचांत एक प्रजाती अशी असते. यातल्या अनेकांची फुलं बारीक, हिरवट-पांढरी, उघडी. येईल तो किडा पाहुणा: माश्या, छोट्या मधमाश्या, भुंगेरे, फुलकिडे. पाहुणा नेमका नसला की पराग जास्त लागतो. नरझाडावरून उडालेला किडा पुढच्या मादीझाडावरच बसेल याचा काय भरवसा? म्हणून नरझाड हजारो फुलांतून पराग उधळतं. त्यातला मोठा वाटा किड्याच्या अंगाला न लागता खाली झडतो, पावसाबरोबर वाहतो, वाऱ्याच्या झुळकीने उडतो. कागदोपत्री असं झाड 'कीटकपरागित', पण गाळाच्या दृष्टीने ते अर्धं वारापरागितच.

मार्क बुश यांनी १९९५ मध्ये अमेरिकी उष्णकटिबंधाच्या संदर्भात हाच मुद्दा ठामपणे मांडला. पुढे पनामातल्या बारो कोलोराडो बेटावर त्यांनी आणि रिव्हेरा यांनी तो तपासला. तिथे ५० हेक्टरांच्या तुकड्यातलं प्रत्येक झाड नकाशावर नोंदलेलं आहे, त्यामुळे पराग धरायला लावलेल्या सापळ्यात पडलेला पराग आणि आसपासची झाडं यांची थेट तुलना करता आली. वेगळ्या नर-मादी फुलांची झाडं परागात ठळक दिसली. एकाच फुलात दोन्ही अंगं असणारी प्राणीपरागित झाडं संख्येने भरपूर असूनही परागात फिकी पडली.

यामागचा हिशोब क्रूडेन यांच्या १९७७ च्या आकड्यांतून कळतो. कधीच न उघडणाऱ्या, स्वतःच्याच परागावर फळणाऱ्या फुलांत एका बीजांडामागे सरासरी पाचापेक्षाही कमी परागकण असतात. परक्या परागावाचून फळूच न शकणाऱ्यांत हाच आकडा ५,८०० च्या वर जातो.

तिसरी गोष्ट, फुलाची घडण. पुंकेसर बाहेर लोंबतात की नळीत दडलेत? पराग सुटा आहे की गठ्ठ्यात? बाभळीच्या गटात अनेकदा सोळा-सोळा कण एकत्र बांधलेले असतात. असा गठ्ठा जड, तो झाडाखालीच पडतो. म्हणून बाभळीच्या रानातही गाळात बाभूळ कमी दिसते. ऑर्किडने तर कमालच केली आहे. सगळा पराग एका गोळीत, गोळी मधमाशीच्या पाठीला चिकटवली की काम झालं. सपुष्प वनस्पतींच्या सर्वांत मोठ्या कुळांपैकी हे एक, आणि गाळात त्याचा मागमूस जवळजवळ नाही.

चौथी गोष्ट, कणाचं कवच टिकतं का? परागकणाचं बाहेरचं कवच स्पोरोपोलेनिनचं असतं आणि हा पदार्थ कमालीचा चिवट आहे. पण दालचिनीच्या कुळात, म्हणजे लॉरेसीत, हे कवच अत्यंत पातळ. गाळात ते विरतं, उरलंसुरलं प्रयोगशाळेतल्या रसायनात जातं. केळ आणि हेलिकोनियाची तीच गत. लॉरेसीची झाडं उष्णकटिबंधी डोंगरी जंगलांत मोठ्या संख्येने असतात, हे लक्षात घेतलं तर आलेखातून केवढा तुकडा गळतो याची कल्पना येईल.

पाचवी गोष्ट, झाड पाण्यापासून किती दूर? हा एक रकाना आधीचे चारही उलटवू शकतो. निपा पामचं परागण बारीक माश्या करतात, म्हणजे हिशोबाने तो गप्प असायला हवा. पण तो खाडीच्या चिखलात उभा असतो आणि त्याचा पराग पडतो तोही चिखलातच. लंडनच्या परिसरातल्या सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वीच्या मातीच्या थरांत निपाची फळं मिळाली आहेत, आणि त्याच्या काटेरी परागामुळे जगभर त्याचे जुने थर ओळखता येतात.

दुसरी पायरी: आवाजाप्रमाणे गट पाडा

तक्ता भरला की वनस्पतींची चार गटांत विभागणी करा. मी त्यांना ओरडणारे, बोलणारे, पुटपुटणारे आणि मुके म्हणतो.

ओरडणाऱ्यांत गवत, सेक्रोपिया (अमेरिकी उष्णकटिबंधातलं झपाट्याने वाढणारं झाड), ट्रेमा, सेल्टिस, अकॅलिफा, खारफुटीतला कांदळ आणि डोंगरावरचा पोडोकार्पस. पोडोकार्पसच्या कणाला हवेच्या पिशव्या असतात, त्यामुळे तो फार दूरवर पोचतो. बोलणाऱ्यांत वडाच्याच कुळातली पण उघड्या, वेगळ्या नर-मादी फुलांची झाडं, तसेच अल्कोर्निया, मॅकरांगा वगैरे. पुटपुटणाऱ्यांत सावर, बाभूळ, तिवर, आणि दक्षिण-पूर्व आशियाच्या जंगलावर राज्य करणारे डिप्टेरोकार्प वृक्ष. मुके म्हणजे वड-उंबर, ऑर्किड, लॉरेसी, केळ.

हे गट कुळावरून पाडू नका. वड आणि त्याचे उधळे भाऊबंद एकाच कुळातले, तरी एक मुका आणि दुसरे बोलके. खारफुटीतही तसंच: कांदळ आणि तिवर शेजारी उभे असतात, पण कांदळाचा पराग वाऱ्यावर जातो आणि तिवराच्या फुलांना मधमाश्या लागतात. गाळात कांदळ निम्म्याहून जास्त आणि तिवर नावापुरतं दिसलं, म्हणून काठावरही तेच प्रमाण होतं असं नाही.

तिसरी पायरी: आजचा परागवर्षाव मोजा

तक्ता हा अंदाज आहे. तो तपासायला आजच्या जंगलात सापळे लावा. नरसाळ्यासारखं भांडं, आत कण धरून ठेवणारा तंतुमय थर, पाणी निचरायला वाट, एवढं पुरतं. सोबत तळ्याच्या तळाचा वरचा एक सेंटिमीटर गाळ घ्या, कारण सापळा आणि तळं एकच गोष्ट सांगत नाहीत. सापळ्यात डोक्यावरच्या फांदीचा पराग पडतो. तळ्यात ओढ्याने वाहून आणलेला आणि दूरवरून हवेतून आलेलाही मिळतो.

एका वर्षावर भिस्त ठेवू नका. डिप्टेरोकार्प दरवर्षी फुलतच नाहीत. काही वर्षांच्या अंतराने अख्खं जंगल एकदम फुलतं आणि पुन्हा शांत होतं. मधल्या वर्षात सापळा लावणाऱ्याला ते झाडच नाही असं वाटेल. गाळाच्या एका सेंटिमीटरात मात्र अनेक वर्षं एकत्र येतात, म्हणून तुलनेसाठी सापळेही निदान तीन-चार वर्षं चालू हवेत.

चौथी पायरी: तळं निवडा

लहान, ओढा न येणारं, झाडांनी वेढलेलं डबकं जवळच्या झाडांची गोष्ट सांगतं. मोठं तळं आसपासच्या मुलुखाची सांगतं, पण त्यात ओरडणारेच जास्त ऐकू येतात. पुटपुटणाऱ्यांना ऐकायचं असेल तर लहान जागा घ्या. शक्य असेल तर दोन्ही घ्या.

पाचवी पायरी: प्रयोगशाळेत आणखी कुणाला मुकं करू नका

ही चूक बरेचदा होते आणि नंतर ती सापडतही नाही. गाळातली बारीक माती घालवायला ७ किंवा १० मायक्रॉनची चाळणी वापरतात. सेक्रोपिया आणि तिच्या कुळातले इतर कण १० मायक्रॉनच्या आसपास, काही त्याहून लहान. चाळणीने पाणी स्वच्छ होतं आणि पुरावाही वाहून जातो. उलट बाजूला, बाभळीच्या नात्यातल्या कॅलिअँड्राचे आठ कणांचे गठ्ठे शंभर मायक्रॉनच्या पुढे जातात. काडीकचरा काढायच्या वरच्या चाळणीवर ते अडकू शकतात. त्यामुळे दोन्ही चाळण्यांवरून गेलेलं आणि राहिलेलं निदान काही नमुन्यांत सूक्ष्मदर्शकाखाली पाहा.

सुरुवातीलाच ठरावीक संख्येचे लायकोपोडियम (नेच्यासारखी एक वनस्पती) बीजाणू असलेली गोळी टाका. किती बीजाणू टाकले हे माहीत असलं की त्यांच्या तुलनेत गाळात एकूण किती परागकण आहेत ते काढता येतं. १९७१ मध्ये स्टॉकमार यांनी रूढ केलेली ही युक्ती पुढे फार कामी येते. सेंद्रिय कचरा घालवायला एर्टमन यांची असेटॉलिसिस: नऊ भाग असेटिक अनहायड्राइड, एक भाग तीव्र सल्फ्युरिक ॲसिड. हे मिश्रण पाण्याशी जोरात भडकतं, म्हणून आधी ग्लेशियल असेटिक ॲसिडने नमुन्यातलं पाणी काढून घ्यायचं. वाळू विरघळवायला हायड्रोफ्लोरिक ॲसिड वापरणार असाल तर धुराचं कपाट, योग्य हातमोजे आणि हाताशी कॅल्शियम ग्लुकोनेट जेल हवंच, आणि प्रशिक्षित माणूस सोबत असल्याशिवाय बाटली उघडायची नाही. त्वचेतून आत जाणारं ते ॲसिड सुरुवातीला फारसं दुखतही नाही आणि नंतर जिवावर बेततं. जड द्रवात पराग तरंगवून वेगळा करणं हा पर्यायही आहे.

सहावी पायरी: मोजणी दोनदा करा

पहिल्या फेरीत मोठ्या भिंगाखाली ३०० ते ५०० कण मोजा. दुसऱ्या फेरीत कमी भिंगाखाली उरलेल्या स्लाइड नुसत्या धुंडाळा. सावरीसारखे मोठे, दुर्मीळ कण पहिल्या मोजणीत हटकून निसटतात. वटवाघळांवर विसंबणाऱ्या पांढऱ्या सावरीचा एक कणही मिळाला तर झाड जवळच होतं असं धरायला हरकत नाही. गवताच्या एका कणाला मात्र काहीच किंमत नाही.

पुंजके वेगळे नोंदवा. एकाच प्रकारचे वीस कण चिकटलेले दिसले तर ते बहुधा पाण्यात पडलेल्या फुलाचे आहेत. वीस कण म्हणून मोजले तर टक्केवारी फुगते, एक म्हणून मोजले तर माहिती हरवते. म्हणून दोन्ही लिहा.

जोडनावांपासून सावध राहा. अमेरिकी आलेखांत मेलास्टोमॅटेसी आणि काँब्रेटेसी ही दोन कुळं एकाच रकान्यात असतात, कारण त्यांचे कण वेगळे ओळखणं अवघड. मेलास्टोमॅटेसीच्या पुंकेसराला टोकाशी छिद्र असतं आणि मधमाशी गुंजारवाने ते हलवून पराग काढते. एवढ्या काटकसरी फुलाचा पराग गाळात बराच दिसला, तर तो नक्की कुणाचा हा प्रश्न उघडा ठेवा.

सातवी पायरी: आता आलेख वाचा

सुरुवात टक्क्यांपासून नको. समजा, खालच्या थरात ३०० परागकण आणि १५० लायकोपोडियम मोजले. एक घनसेंटिमीटर गाळात २०,००० बीजाणूंची गोळी टाकली होती. म्हणजे घनसेंटिमीटरमागे ३०० भागिले १५० गुणिले २०,०००, एकूण ४०,००० कण. गवत १० टक्के, म्हणजे ४,००० कण. वरच्या थरात ३०० परागकणांबरोबर लायकोपोडियमही ३०० आले, म्हणजे एकूण २०,०००. गवत २० टक्के, म्हणजे पुन्हा ४,०००. टक्केवारी म्हणते गवत दुप्पट झालं. प्रत्यक्षात गवत आहे तिथेच, झाडांचा पराग ३६,००० वरून १६,००० वर आला.

पण थांबा. वरचा थर दुप्पट वेगाने साचला असेल तर? मग दरवर्षी पडणारं गवत खरंच दुप्पट झालं आणि झाडांचा पराग ३६,००० च्या जागी ३२,००० धरावा लागेल, म्हणजे जवळजवळ तेवढाच. एकाच मोजणीतून दोन उलट गोष्टी निघाल्या. म्हणून कार्बन कालमापनाच्या तारखा पुरेशा घ्या आणि दरवर्षी दर चौरस सेंटिमीटरवर किती कण पडले ते काढा.

झाडांचा पराग खरंच घटला असं ठरलं, तरी झाडं घटली असं लगेच म्हणू नका. एखादं उधळं झाड कमी होऊन त्या जागी सावरी आणि लॉरेसी आले, तरी आलेख असाच दिसेल. जंगल तेवढंच दाट, फक्त आवाज कमी.

याच तर्काने गवताबद्दल एक चांगलं हत्यार हाती येतं. गवत ओरडतं आणि जंगल पुटपुटतं, म्हणून थोडंसं मोकळं रानही परागात ठळक उमटायला हवं. त्यामुळे गवताचा आकडा अगदी कमी असणं हा जंगलाचा पक्का पुरावा, पण तो जास्त असणं हा माळरानाचा कच्चा पुरावा. ते गवत तळ्याच्या काठचं किंवा पाण्यावर तरंगणाऱ्या कुरणाचंही असू शकतं. हिमयुगात ॲमेझॉनचं जंगल आक्रसून बेटं-बेटं उरली होती, अशी कल्पना युर्गन हाफर यांनी १९६९ मध्ये मांडली होती. पॉल कॉलिनव्हॉ आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये वायव्य ब्राझीलमधल्या पाटा सरोवराचा गाळ पुढे केला. त्यात हिमयुगातही गवत कमी, जंगली झाडांचा पराग कायम, आणि सोबत थंडावा सुचवणारा पोडोकार्पस. वाद त्यानंतरही चालला, पण गवताच्या त्या छोट्या आकड्याचं वजन फुलांच्या सवयी माहीत असल्याशिवाय कळत नाही.

सेक्रोपिया वाढली की 'जंगल तोडलं' असं लिहायची घाई होते. ती मोकळ्या जागेत झपाट्याने वाढते हे खरं, पण नदीने पात्र बदललं तरी नव्या गाळावर तीच आधी उगवते. कोळशाचे कण सोबत वाढले का, आणि मक्याचे मोठे कण कमी भिंगाखाली दिसले का, ते पाहून मगच माणसावर आरोप करा. मार्गारेट डेव्हिस यांनी १९६३ मध्ये सुचवलेल्या, परागाचा टक्का भागिले झाडाचा टक्का अशा गुणकांनी दुरुस्ती करायचा मोहही इथे आवरावा. हेक्टरभरात शेकडो प्रजाती आणि ओळख कुळापर्यंतच, अशा ठिकाणी तो भागाकार कशाने करणार?

आठवी पायरी: मुक्यांसाठी दुसरे साक्षीदार आणा

केळ, पाम आणि गवताचे गट पानांतल्या सिलिकाकणांवरून ओळखू येतात. लॉरेसीसाठी पानांचे, लाकडाचे आणि फळांचे अवशेष शोधा. अलीकडच्या गाळात डीएनएही मिळतो, मात्र उष्ण प्रदेशात तो लवकर विघटित होतो. आलेखाखाली एक ओळ जरूर टाका: 'या पद्धतीत न दिसणाऱ्या वनस्पती'. पुढे त्यांची नावं. शून्य लिहिण्यापेक्षा हे बरं.

ऑर्किडचा साक्षीदार २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. डॉमिनिकन प्रजासत्ताकातल्या दीड-दोन कोटी वर्षांपूर्वीच्या राळेत एक बिनकाट्याची मधमाशी अडकलेली मिळाली. तिच्या पाठीवर ऑर्किडची परागगोळी जशीच्या तशी चिकटलेली होती.